पाइपलाइन म्हणते ‘पूर्ण’, प्रतिमेत मात्र काटे: सेल्फ-कॅलनंतर बिघडणाऱ्या फील्डचा माग

लक्षण ओळखीचं आहे. रेडिओ दुर्बिणीच्या डेटातून आपोआप प्रतिमा बनवणाऱ्या पाइपलाइनमध्ये रात्री शंभरेक फील्ड (आकाशाचे तुकडे) रांगेत लावायची, सकाळी प्रत्येकापुढे ‘पूर्ण’ अशी नोंद. लॉगमध्ये एकही एरर नाही. बहुतेक प्रतिमा स्वच्छ. पण त्यातल्या सात-आठ उघडल्या की तेजस्वी स्रोतांना काटे फुटलेले, कुठे एकात एक कडी, कुठे अख्ख्या प्रतिमेवर तिरप्या पट्ट्या. तीच फील्ड पुन्हा चालवली तर एखादं सुधारतं, बाकीची तशीच राहतात. पुढच्या आठवड्यात नवीन सात-आठ.

आपल्याच पाइपलाइनवर राग काढण्याआधी एक आकडा बघा. टीआयएफआर जीएमआरटी स्काय सर्व्हे, म्हणजे टीजीएसएस, हे पुण्याजवळच्या जीएमआरटी या ३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीवरचं १५० मेगाहर्ट्झचं सर्वेक्षण २०१० ते २०१२ मध्ये झालं. त्याचं जे पूर्ण प्रकाशन २०१७ मध्ये आलं, त्यात २००० तासांहून जास्त निरीक्षणं जवळजवळ माणसाचा हात न लागता प्रोसेस झाली होती. एकूण ५३३६ पॉइंटिंगपैकी, म्हणजे दुर्बीण रोखलेल्या दिशांपैकी, ९५ टक्क्यांहून अधिकांच्या प्रतिमा चांगल्या आल्या. म्हणजे खास या कामासाठी घडवलेल्या पाइपलाइनमध्येही काही टक्के फील्ड हट्टी निघाली. हट्टी फील्ड असणारच. ती का हट्टी आहेत ते ओळखता आलं पाहिजे.

बहुतेकांचा हात आधी क्लीनच्या, म्हणजे दुर्बिणीच्या बीमचे ठसे प्रतिमेतून काढणाऱ्या पायरीच्या, आकड्यांकडे जातो. थ्रेशोल्ड खाली आणा, आवर्तनं वाढवा, वेटिंग बदला. मी यात बरेच आठवडे घालवले आहेत, म्हणून सांगतो, याने क्वचितच काही होतं. प्रतिमा बनवणारा प्रोग्रॅम समोर आलेला डेटा इमानदारीने दाखवतो. गडबड त्याच्या आधी कुठेतरी झालेली असते, आणि कुठे झाली ते लॉगपेक्षा काट्यांचा आकारच जास्त नेमकं सांगतो.

आधी तीन प्रतिमा शेजारी ठेवा

कॅलिब्रेटरची (ज्ञात स्रोतावरून काढलेली) सोल्यूशन्स, म्हणजे अँटेनांच्या चुकांच्या दुरुस्त्या, लावल्यावरची पहिली प्रतिमा, पहिल्या फेज सेल्फ-कॅलनंतरची (सेल्फ-कॅल म्हणजे फील्डमधल्याच स्रोतांवरून केलेली तीच दुरुस्ती), आणि शेवटची. तिन्ही एकाच रंगपट्टीवर बघा. पट्टीचे टोक प्रत्येक प्रतिमेला आपोआप ठरू देऊ नका, नाहीतर बिघडलेली प्रतिमाच गुळगुळीत दिसते. पाइपलाइन मधल्या प्रतिमा पुसून टाकत असेल तर ती सवय आधी मोडा. जागा लागते, पण त्या प्रतिमांशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

पहिल्याच प्रतिमेत पट्ट्या असतील तर संशय हस्तक्षेपावर किंवा बिघडलेल्या अँटेनावर. पहिली बरी आणि शेवटची वाईट, तर सेल्फ-कॅलनेच घात केला. तिन्हींमध्ये काटे आहेत आणि दर फेरीला थोडे कमी होत आहेत, पण जात नाहीत, तर बहुधा दिशेनुसार बदलणारी चूक आहे. नेहमीचं सेल्फ-कॅल कितीही वेळा फिरवलं तरी ती जाणार नाही.

आकार काय सांगतो

सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे समोरासमोरची बाजू. तेजस्वी स्रोताच्या एका बाजूला पांढरा काटा आणि बरोबर विरुद्ध बाजूला तितकाच काळा खड्डा असेल, तर चूक फेजची (लहर किती पुढे-मागे पोचली). दोन्ही बाजूंना सारखंच, पांढऱ्यासमोर पांढरं, तर चूक ॲम्प्लिट्यूडची (ती किती जोरकस मोजली). फूरिये रूपांतराचा हा साधा परिणाम आहे, आणि तो डोळ्यांनी दिसतो. प्रतिमा स्रोताभोवती १८० अंश फिरवून मूळ प्रतिमेतून वजा करा, मग तीच मुळात मिळवा. वजाबाकीत काटे उठून दिसले तर फेज, बेरजेत दिसले तर ॲम्प्लिट्यूड. दोन ओळींची स्क्रिप्ट आहे, प्रत्येक फील्डवर आपोआप चालवता येते.

एक अंदाज लक्षात ठेवण्यासारखा. १० अंशांची फेज चूक म्हणजे सुमारे ०.१७ रेडियन, आणि ती प्रतिमेची साधारण तितकीच नासाडी करते जितकी १७ टक्क्यांची ॲम्प्लिट्यूड चूक. कमी वारंवारतेला १० अंश फेज हलायला काहीच लागत नाही, ॲम्प्लिट्यूड मात्र १७ टक्के सहसा हलत नाही. म्हणून आधी फेजचा संशय घ्यावा.

कडी दिसत असतील तर डर्टी बीम (एका बिंदूस्रोताचा दुर्बीण जो ठसा उमटवते तो) उघडा आणि कड्यांवर ठेवून बघा. तंतोतंत जुळली तर क्लीन अर्धवट राहिलंय: मास्कने (क्लीन कुठे करायचं त्या नकाशाने) तो स्रोत वगळला, किंवा स्रोत पसरट आहे आणि एकाच मापाचा क्लीन वापरलाय. इथे, आणि जवळजवळ फक्त इथेच, क्लीनचे आकडे बदलून फायदा होतो. कडी बीमसारखी आहेत पण वाकडीतिकडी, तर ती कॅलिब्रेशनची. कड्यांचे कंस प्रतिमेबाहेरच्या बिंदूभोवती फिरत असतील तर स्रोतच बाहेर आहे. जीएमआरटीची ४५ मीटर व्यासाची डिश १५० मेगाहर्ट्झला सुमारे ३ अंशांचं आकाश बघते आणि बीमच्या कडेच्या पाळ्यांतून त्याच्याही पलीकडचं. सिग्नस ए, कॅसिओपिया ए, टॉरस ए, व्हर्गो ए ही अतितेजस्वी रेडिओ स्रोतांची मंडळी तर खूप लांबूनही डोकावतात. तो बाहेरचा स्रोत मॉडेलमध्ये (ज्ञात स्रोतांच्या नकाशात) घ्या, त्याच्यापुरती छोटी वेगळी प्रतिमा बनवा आणि डेटातून काढा. मुख्य प्रतिमा मोठी करत बसू नका.

पट्ट्या: अंतर मोजा, बेसलाइन सापडते

दोन अँटेनांची जोडी म्हणजे बेसलाइन, आणि बेसलाइनची लांबी-दिशा ज्यावर मांडतात ते यूव्ही प्रतल. अख्ख्या प्रतिमेवर समान अंतराच्या पट्ट्या म्हणजे यूव्ही प्रतलात एका ठिकाणी नको इतकी ऊर्जा. हा सगळ्यात सोपा प्रकार, तरी लोक याच्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवतात.

पट्ट्यांमधलं अंतर रेडियनमध्ये काढा आणि तरंगलांबीला त्याने भागा. आली बेसलाइनची लांबी. १५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २ मीटर. पट्ट्यांमध्ये १० आर्कमिनिटं अंतर असेल तर बेसलाइन सुमारे ६९० मीटरची, म्हणजे जीएमआरटीच्या बाबतीत मधल्या चौकातली. तिथे साधारण एक किलोमीटरच्या परिसरात १४ अँटेना आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय (Y) आकाराच्या तीन भुजांवर. बेसलाइनची दिशा पट्ट्यांना काटकोनात. लांबी आणि दिशा मिळाली की ४३५ बेसलाइनमधून दोन-तीन संशयित उरतात. मोजायचा कंटाळा असेल तर उर्वरित (मॉडेल वजा केलेल्या) प्रतिमेचं फूरिये रूपांतर करा, तो बिंदू आपोआप चमकतो.

पट्ट्या आडव्या, म्हणजे पूर्व-पश्चिम पसरलेल्या असतील तर जमिनीवरचा हस्तक्षेप जवळजवळ नक्की. आकाश फिरतं, जमिनीवरचा स्रोत फिरत नाही. आकाशाच्या मागे राहण्यासाठी सिग्नलला जी फेज फिरवणी दिली जाते, तिच्यामुळे जमिनीवरचा सिग्नल बहुतेक बेसलाइनवर सरासरीत धुऊन जातो. ज्या बेसलाइनचा यू (पूर्व-पश्चिम) घटक शून्याजवळ आहे तिथे मात्र ही फिरवणी जवळजवळ नसते, आणि सगळा कचरा तिथेच साठतो.

फ्लॅगरने, म्हणजे खराब डेटा वगळणाऱ्या प्रोग्रॅमने, हे का पकडलं नाही, असा प्रश्न येतोच. एओफ्लॅगरसारखी साधनं काळ आणि वारंवारता यांच्या पटावर उठून दिसणारे ठिपके नि रेषा शोधतात. दूरध्वनीचा वाहक, विमानाचा संदेश, रडारचा ठोका, हे ते झटकन पकडतात. पण विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांसारखा कमजोर, रुंद पट्ट्यातला आणि तासन्‌तास चालणारा हस्तक्षेप त्या पटावर आकाशासारखाच सपाट दिसतो. फ्लॅगर आणखी कडक केला तर चांगला डेटा जातो आणि हा राहतोच. उपाय असा: आतापर्यंतचं उत्तम मॉडेल डेटातून वजा करा, उर्वरित डेटा यूव्ही चौकटींमध्ये गोळा करा, आणि शेजाऱ्यांच्या मानाने अवाजवी उंच चौकटी फ्लॅग करा. मग मॉडेल परत मिळवा. (ही शेवटची पायरी विसरल्याची किंमत पुढे सांगतो.)

मुख्य गुन्हेगार: आयनांबर

वरचं सगळं तपासून झालं आणि तरीही काटे फेजच्या जातीचे आहेत, प्रतिमेच्या एका कोपऱ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी, तर वर बघा. आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरातल्या, इलेक्ट्रॉनमुळे येणारी फेज वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असते. एक टेक एकक, म्हणजे चौरस मीटरमागे १०^१६ इलेक्ट्रॉन, १५० मेगाहर्ट्झला सुमारे ५६ रेडियन फेज देतं, जवळजवळ ९ पूर्ण फेरे. १.४ गिगाहर्ट्झला तेच ६ रेडियन. दोन अँटेनांवरच्या इलेक्ट्रॉनमध्ये एककाच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तरी १५० मेगाहर्ट्झला ३० अंशांहून जास्त फेज हलते. वरचा १० अंशांचा हिशेब आठवा.

मोठ्या वारंवारतेवर काम केलेल्यांना हे पचायला वेळ लागतो, कारण तिथे एका अँटेनाला एका क्षणी एकच फेज पुरते. इथे दृष्टिक्षेत्रच इतकं रुंद आहे की एकच अँटेना डावीकडचा स्रोत आयनांबराच्या एका तुकड्यातून बघते आणि उजवीकडचा दुसऱ्याच तुकड्यातून. एका फेजमध्ये दोन्ही बसत नाहीत. सेल्फ-कॅल मग सगळ्यात तेजस्वी स्रोताची बाजू घेतं, तो सुंदर होतो आणि बाकीचे बिघडतात. ‘सेल्फ-कॅलनंतर मधला स्रोत छान आला पण कडेचे फुटले’ ही तक्रार म्हणजे हेच.

खात्री कशी करायची? त्या फील्डचा डेटा १०-१० मिनिटांच्या तुकड्यांत कापा आणि प्रत्येकाची घाईची प्रतिमा बनवा. चार-पाच तेजस्वी ठिपके निवडून तुकड्यागणिक त्यांची जागा मोजा. सगळे एकत्र एकाच दिशेला सरकत असतील तर दिशा-निरपेक्ष फेज सुटलेली आहे, साधं सेल्फ-कॅल पुरेल. वेगवेगळ्या दिशांना नाचत असतील तर दिशेनुसार कॅलिब्रेशन लागणार. अजिबात हलत नसतील आणि तरी काटे असतील तर आयनांबराला उगाच बदनाम करू नका.

निरीक्षणाची वेळही बघा. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपास इलेक्ट्रॉनची घनता झपाट्याने बदलते. जीएमआरटी चुंबकीय विषुववृत्त आणि आयनांबराच्या उत्तरेकडच्या फुगवट्याचा माथा यांच्या मध्ये येते, त्यामुळे सूर्यास्तानंतरच्या काही तासांत तिथे लुकलुक फार त्रास देते. अशा वेळी ॲम्प्लिट्यूडही थरथरते. तो तुकडा सरळ फेकून द्या. अर्ध्या तासाचा डेटा गेल्याचं दुःख होतं, पण त्या अर्ध्या तासाने उरलेले चार तास नासवण्यापेक्षा बरं.

दिशेनुसार कॅलिब्रेशनच्या पद्धती अनेक आहेत. तेजस्वी स्रोत एकेक करून सोलत (वेगळा कॅलिब्रेट करून डेटातून काढत) जायचं आणि मिळालेल्या फेजवरून आयनांबराचा पडदा बसवायचा, ही स्पॅम या सॉफ्टवेअरची वाट. टीजीएसएसचं २०१७ चं प्रकाशन तिच्यावरच उभं आहे. आकाशाचे फॅसेट (छोटे तुकडे) पाडून प्रत्येकाला आपलं सोल्यूशन द्यायचं, ही लोफार या युरोपातल्या रेडिओ दुर्बिणीकडची वाट. तिथल्या १२० ते १६८ मेगाहर्ट्झच्या सर्वेक्षणाच्या २०२२ च्या प्रकाशनात ६ आर्कसेकंदांच्या प्रतिमांमधून ४४ लाख स्रोत निघाले. तुमच्या डेटाला कुठली योग्य ते बँडविड्थवर आणि तेजस्वी स्रोतांच्या संख्येवर ठरतं.

नॉइज कमी झाला म्हणून खूश होऊ नका

या जागी मी सगळ्यात जास्त फसलो आहे, म्हणून थोडं थांबतो.

हिशेब करा. ३० अँटेना, म्हणजे ४३५ बेसलाइन. २० दिशांना प्रत्येक अँटेनाची फेज शोधायची तर, एक अँटेना संदर्भ म्हणून सोडून, ५८० अज्ञात. एका क्षणाच्या एका चॅनलमध्ये (वारंवारतेच्या बारीक पट्ट्यात) ४३५ फेज मोजल्या आणि ५८० अज्ञात सोडवले, तर गणित काहीही सिद्ध करू शकतं. करतंही. सोल्यूशनला मोकळीक मिळाली की ते नॉइजही गिळतं आणि मॉडेलमध्ये नसलेले मंद स्रोतही. प्रतिमा गुळगुळीत होते, नॉइजचा आकडा खाली येतो, पाइपलाइन ‘सुधारणा’ अशी नोंद करते. प्रत्यक्षात आकाशच पुसलं गेलेलं असतं. कधी उलट होतं: मॉडेल अपुरं असल्यामुळे जिथे काहीच नाही तिथे भुतासारखे ठिपके उमटतात.

म्हणून सोल्यूशनचा काळ लांबवा, दिशा कमी करा, आणि शक्य असेल तर प्रत्येक चॅनलला वेगळी फेज न शोधता सगळ्या पट्ट्याला मिळून एकच इलेक्ट्रॉन-घनता शोधा. फेज वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात जाते हे आपल्याला आधीच माहीत आहे, तर ते सोल्यूशनला पुन्हा शोधायला का लावायचं?

आणि चाचणी घ्या. सेल्फ-कॅलच्या आधी डेटामध्ये काही खोटे मंद स्रोत पेरा, मॉडेलला त्यांच्याबद्दल काही सांगू नका, आणि शेवटच्या प्रतिमेत त्यांचा फ्लक्स, म्हणजे तेज, मोजा. दहा मिलिजान्स्की (फ्लक्सचं एकक) पेरले आणि सात परत आले तर उरलेले तीन कॅलिब्रेशनने खाल्ले. याहून प्रामाणिक चाचणी मला माहीत नाही.

ॲम्प्लिट्यूड सेल्फ-कॅल सगळ्यात शेवटी, तेही लांब अंतराने, आणि गेनची (प्रत्येक अँटेनाच्या ॲम्प्लिट्यूड दुरुस्तीच्या गुणकाची) सरासरी एकवर बांधून. बांधली नाही तर दर फेरीला फ्लक्सचं माप थोडं थोडं सरकतं आणि शेजारच्या दोन फील्डमध्ये एकच स्रोत वेगळा दिसतो. फ्लक्सची पट्टी फील्डगणिक सरकणं ही किरकोळ बाब नाही. टीजीएसएसच्या त्याच प्रकाशनात ग्लीम या कमी वारंवारतेच्या दुसऱ्या सर्वेक्षणाशी ताडून बघताना काही भागांत अशी तफावत निघाली आणि एका हिश्शाचं माप नव्याने लावलेली यादी २०१७ मध्येच वेगळी काढावी लागली.

बीमच्या कडेला असलेले स्रोत हा ॲम्प्लिट्यूडचा वेगळा त्रास. जीएमआरटीच्या अँटेना दिगंश आणि उन्नतांश या अक्षांवर वळतात, त्यामुळे निरीक्षण चालू असताना बीम आकाशावर गोल फिरतो. कडेचा तेजस्वी स्रोत तासागणिक कमी-जास्त दिसतो आणि त्याला समोरासमोर सारखे काटे फुटतात. अँटेना नेमक्या जागी न रोखलेल्या असतील तर आणखीच. एकट्या त्या स्रोताला सोला, बाकी फील्डच्या ॲम्प्लिट्यूडला हात लावू नका.

पाइपलाइनमध्ये काय बसवलं

हे सगळं रोज डोळ्यांनी करणं शक्य नाही. मी प्रत्येक सेल्फ-कॅल फेरीनंतर एक फाटक बसवलं. नॉइज मोजतोच, पण सोबत सगळ्यात तेजस्वी स्रोताभोवतीचा सगळ्यात खोल ऋण पिक्सेल आणि शिखर यांचं गुणोत्तर, आटोपशीर स्रोतांच्या फ्लक्सचं आधीच्या फेरीशी गुणोत्तर, आणि त्यांच्या जागांचा एनव्हीएसएस या दुसऱ्या रेडिओ सर्वेक्षणाशी मध्यम फरक. नॉइज घटला पण मध्यम फ्लक्सही ५ टक्क्यांहून जास्त घटला, तर ती फेरी रद्द, आधीची सोल्यूशन्स परत. हा ५ टक्क्यांचा आकडा माझ्या डेटापुरता आहे, तुमचा तुम्ही ठरवा.

एनव्हीएसएस १.४ गिगाहर्ट्झचं आहे, त्यामुळे फ्लक्स ताडताना थेट तुलना चालत नाही. वर्णक्रम निर्देशांक (वारंवारतेनुसार तेज किती बदलतं ते) उणे ०.७ ते उणे ०.८ धरला तर तिथला १० मिलिजान्स्कीचा स्रोत १५० मेगाहर्ट्झला ५० ते ६० च्या आसपास यायला हवा. एकेका स्रोतावर यावर विसंबू नका, शंभरेकांची मध्यमा मात्र बोलते.

शेवटी प्रतिमेला उणे एकने गुणून तिच्यावर पीवायबीडीएसएफ किंवा तुमचा जो स्रोत-शोधक असेल तो चालवतो. आकाशात ऋण स्रोत नसतात, तेव्हा जे सापडतील ते सगळे खोटे. फेजच्या काट्यांमुळे खोटे धन स्रोतही साधारण तितकेच असणार. तेजस्वी स्रोतांभोवती हे जास्त निघाले तर नॉइज मोजण्याची चौकट तिथे लहान करा, म्हणजे काट्यांचा नॉइज त्याच जागी मोजला जातो.

आणि ती विसरलेली पायरी

एका फील्डमध्ये काटे नव्हते, पट्ट्या नव्हत्या, पण सगळ्यात तेजस्वी स्रोताच्या जागी काळंकुट्ट भोक, स्रोताइतकंच खोल. तीन दिवस मी आयनांबरावर, मग बीमवर, मग चक्क कॅटलॉगवर संशय घेतला. झालं होतं इतकंच: मॉडेल वजा करून फ्लॅगिंग चालू असताना डिस्क भरली, प्रोसेस मेली, आणि पाइपलाइनने सकाळी ‘जिथे थांबलो तिथून पुढे’ म्हणत तीच पायरी पुन्हा सुरू केली. मॉडेल दोनदा वजा झालं आणि परत मिळवण्याची पायरी राहूनच गेली.

तेव्हापासून वजाबाकी मूळ कॉलमवर करत नाही. उर्वरित डेटा वेगळ्या तात्पुरत्या कॉलममध्ये जातो, त्यावरून फक्त फ्लॅग परत येतात, आणि पायरी पूर्ण झाल्याची खूण अगदी शेवटी, डेटा डिस्कवर लिहून झाल्यावरच पडते. पुन्हा सुरुवात करताना ती खूण नसेल तर कॉलम पुसून पायरी पहिल्यापासून.